क्वीनच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये नेमकी तीच १७ गाणी का?

क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडमध्ये चौघं होते आणि चौघंही गाणी लिहायचे. १९८१ साली त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला. नाव साधंच, 'ग्रेटेस्ट हिट्स'. त्यात १७ गाणी. कुणाची किती ते मोजून बघा. गायक फ्रेडी मर्क्युरीची १०, गिटार वाजवणाऱ्या ब्रायन मेची ५, बास वाजवणाऱ्या जॉन डीकनची २. झाली बेरीज १७. ड्रमर रॉजर टेलरच्या वाट्याला भोपळा.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा टेलरसाठी जीव हळहळला. १९७३ ते १९८० या काळात क्वीनचे नऊ स्टुडिओ अल्बम आले आणि प्रत्येकात टेलरने लिहिलेलं काही ना काही आहे. मग संग्रहात एकही कसं नाही? मित्रांनी मित्राला वगळलं? की त्याची गाणी खरंच इतकी कमी दर्जाची होती?

दोन्ही नाही. उत्तर कळायला मात्र 'हिट' म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. आपण या शब्दाचा अर्थ 'लोकांना आवडलेलं गाणं' असा सैलपणे घेतो. रेकॉर्ड कंपन्यांच्या जगात त्याला अगदी नेमका अर्थ होता आणि तो आवडीनिवडीपेक्षा दुकानातल्या गल्ल्याशी जास्त जोडलेला होता.

छोटी तबकडी, मोठी तबकडी

त्या काळी गाणं विकत घ्यायचं तर दोन वाटा होत्या. एक, १२ इंची मोठी तबकडी, म्हणजे एलपी. ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घ्यायची आणि तिच्या एकेका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचं संगीत आरामात मावायचं. दुसरी, ७ इंची छोटी तबकडी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, एका बाजूला एकच गाणं. हिलाच म्हणायचं सिंगल.

सिंगल स्वस्त, म्हणून शाळकरी पोरांनाही परवडायचं. रेडिओवाल्यांना सोयीचं. दर आठवड्याला निवडक दुकानांतून विक्रीचे आकडे गोळा व्हायचे आणि त्यावरून सिंगल्सची क्रमवारी ठरायची. त्या यादीत वर चढलेलं गाणं म्हणजे हिट. आता यातली मेख बघा: जे गाणं सिंगल म्हणून निघालंच नाही, ते या शर्यतीत उतरूच शकत नव्हतं. अल्बममधलं एखादं गाणं लाखो घरांत रोज वाजत असेल, पण त्याची वेगळी तबकडी नाही म्हटल्यावर त्याची वेगळी विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून ते हिटही नाही. आज स्ट्रीमिंगवर कुठलंही गाणं सुटं ऐकता येतं आणि सुटं मोजलंही जातं, त्यामुळे ही अट आपल्या लक्षातच येत नाही.

तबकडीला दोन बाजू असतात, पण गाण्यांना समान मान नसे. कंपनीला जे चालवायचं आहे ते 'ए' बाजूवर. रेडिओकडे तेच पाठवायचं, जाहिरात त्याचीच. 'बी' बाजूवर दुसरं काहीतरी. कधी दोन्ही गाणी तोलामोलाची असली तर 'दोन्ही बाजू ए' असं जाहीर करायचे. क्वीनने १९७८ मध्ये 'बायसिकल रेस' आणि 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' अशी जोडी काढली होती. संग्रहातही ही दोन गाणी शेजारी शेजारीच बसली आहेत.

१९८१ पर्यंत ब्रिटनमध्ये क्वीनच्या कुठल्याही सिंगलच्या 'ए' बाजूवर टेलरचं गाणं आलं नव्हतं. कोडं एवढंच होतं. हिट व्हायच्या रांगेतच त्याचं गाणं कधी उभं राहिलं नव्हतं.

रेघ कुठे ओढली?

संग्रहातली यादी आणि ब्रिटनच्या सिंगल्सची क्रमवारी शेजारी ठेवली की एक गंमत उघड होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स' आणि 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' ही चारही दुसऱ्या क्रमांकापर्यंत. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' सातव्या, 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' नवव्या, 'सेव्हन सीज ऑफ राय' आणि 'फ्लॅश' दहाव्या. 'नाऊ आय ॲम हिअर', 'सेव्ह मी' आणि ती सायकलची जोडी अकराव्या. 'प्ले द गेम' चौदाव्या. सगळ्यांत खालचं 'गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय', सतरावं. तेही चार गाण्यांच्या एका छोट्या रेकॉर्डवरचं मुख्य गाणं म्हणून.

आता बाहेर राहिलेली बघा. 'टाय युवर मदर डाउन' ३१ वं. 'स्प्रेड युवर विंग्ज' ३४ वं. 'लव्ह ऑफ माय लाइफ'चं मैफिलीत मुद्रित केलेलं रूप ६३ वं. आणि बँडचं पहिलंवहिलं सिंगल, १९७३ चं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', क्रमवारीत आलंच नाही.

म्हणजे पहिल्या विसात आलेली सगळी गाणी आत आहेत आणि त्याखालची सगळी बाहेर. अशी रेघ ठरवून ओढली होती की आपोआप पडली, ते बाजूला ठेवू. पण यादीत ती स्वच्छ दिसते. संग्रहाच्या नावातला वजनदार शब्द 'ग्रेटेस्ट' वाटतो, काम मात्र सगळं 'हिट्स' या शब्दाने केलं आहे.

या रेघेचा अन्याय कुठे झाला असं विचाराल तर मी 'लव्ह ऑफ माय लाइफ'कडे बोट दाखवेन. मार्च १९८१ मध्ये, संग्रह निघण्याच्या काही महिने आधी, क्वीनने ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या मोरुम्बी स्टेडियमवर कार्यक्रम केले. एका रात्री लाखाहून जास्त माणसं. त्यांची भाषा पोर्तुगीज, गाणं इंग्रजी, आणि तरी सगळं स्टेडियम ते शब्द न् शब्द म्हणत होतं, इतकं की फ्रेडी गाणं थांबवून त्यांना गाऊ द्यायचा. ब्रिटनमध्ये मात्र तेच गाणं ६३ व्या क्रमांकाचं, म्हणून यादीच्या बाहेर.

एक गाणं या नियमाला बगल देऊन आत आलं आहे. 'वी विल रॉक यू' हे १९७७ च्या 'वी आर द चॅम्पियन्स'च्या मागच्या बाजूवर होतं, म्हणजे 'बी' बाजू. स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक घरी न जाता एकसुरात गात राहिले. ते ऐकून मेच्या डोक्यात आलं की प्रेक्षकांना स्वतः वाजवता येईल असं गाणं हवं. गर्दीत उभ्या माणसाला काय जमतं? पाय आपटणं आणि टाळी वाजवणं. दोन वेळा पाय, एक टाळी. या गाण्यात ड्रम नाहीत, बास नाही आणि गिटारही अगदी शेवटी येते. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत थोड्याच लोकांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि मेने तो आवाज पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या उशिराने, स्वतःवरच चढवला. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. हे उशीर त्याने मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे आवाज एकमेकांवर घुमून प्रतिध्वनीसारखे वाटू नयेत, तर लांबच लांब पसरलेल्या गर्दीसारखे वाटावेत. अमेरिकेतली रेडिओ केंद्रं दोन्ही बाजू सलग वाजवू लागली आणि 'बी' बाजू हे नाव त्या गाण्याला चिकटलंच नाही. संग्रहाचा शेवट याच जोडीने होतो.

पहिल्या गाण्याची गोष्ट

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' संग्रहाच्या आरंभी आहे. १९७५ मध्ये सिंगल म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं, असं सगळे धरून चालत. हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, नेमकं ५ मिनिटं ५५ सेकंद. त्यात पुन्हा येणारं ध्रुवपद नाही. आधी पियानोवरचं संथ गाणं, मग ऑपेराचा गदारोळ, मग धडाक्याचं रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. कंपनीला ते कापून छोटं करायचं होतं, बँड ऐकेना. केनी एव्हरेट नावाच्या लंडनच्या रेडिओ निवेदकाला फ्रेडीने टेप दिली. वाजवायचं नाही असं बजावलेलं असताना त्याने चुकून बटण दाबलं गेल्याचा आव आणत शनिवार-रविवार मिळून १४ वेळा ते ऐकवलं. सोमवारी लोक दुकानांत, आणि तबकडी अजून आलेलीच नाही! ३१ ऑक्टोबर १९७५ ला ती आली आणि पुढे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

ऑपेराच्या भागात जी मोठी मंडळी गाताना ऐकू येते ती मुख्यतः तीन माणसं आहेत: मर्क्युरी, मे आणि टेलर. तेव्हा टेपवर २४ पट्ट्या असत. त्या भरल्या की सगळ्यांचा मिळून एक आवाज करून दुसऱ्या पट्टीवर घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचं. हे इतक्या वेळा झालं की टेपवरचा लेप झिजून तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं होतं, असं बँडवाले सांगतात. त्यातल्या सगळ्यांत उंच किंकाळ्या टेलरच्या आहेत. आपल्या ड्रमरचा आवाज संग्रहाच्या पहिल्याच गाण्यात असा टिपेला पोचलेला आहे, एवढं तरी समाधान.

आणि पियानो? तो वाजवणारा मुलगा पियानो शिकला आपल्या पाचगणीत. फारोख बुलसारा हे त्याचं जन्मनाव, पारशी कुटुंब, जन्म १९४६ चा झांझिबारमधला. आठ-नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड जमला आणि त्यात तो पियानोवर असायचा. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. टेबललँडवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

मागच्या बाजूचे पैसे

आता पुन्हा टेलरकडे, कारण या गोष्टीचा गुंतागुंतीचा भाग पैशांचा आहे.

एका गाण्यातून दोन वेगवेगळ्या थैल्या भरतात. पहिली गाणं रचणाऱ्याची: शब्द आणि चाल ज्याची, त्याची. दुसरी ध्वनिमुद्रणाची: स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवून-गाऊन जी टेप तयार झाली तिची, आणि तीत कंपनी आणि सगळा बँड वाटेकरी. तबकडी विकली की दोन्ही थैल्यांत पैसे पडतात. अमेरिकेत तर नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त रचणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच नाही. म्हणून एकाच बँडमध्ये, एकाच मंचावर, एक जण दुसऱ्यापेक्षा कितीतरी श्रीमंत होऊ शकतो.

आता सिंगल घ्या. तबकडी एक, गाणी दोन. विकत घेणारा 'ए' बाजूसाठी पैसे मोजतो, पण रचनेचं मानधन दोन्ही बाजूंना सारखंच मिळतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागे टेलरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. लाखो लोकांनी ती तबकडी फ्रेडीच्या गाण्यासाठी घेतली आणि त्या प्रत्येक प्रतीमागे टेलरलाही रचनेचे तेवढेच पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये बरीच कुरबूर झाली आणि ती अनेक वर्षं पुरली. कुठलं गाणं सिंगल करायचं, मागे कुणाचं लावायचं, या प्रत्येक निर्णयात घरखर्चाचा प्रश्न दडलेला असायचा. अखेर १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, श्रेय चौघांचं. माझ्या मते क्वीनने घेतलेल्या शहाण्या निर्णयांत हा फार वरचा आहे. त्यानंतर गाणं निवडताना फक्त गाण्याकडे बघता आलं.

'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये मात्र जुना हिशोब लागू आहे. १७ गाण्यांच्या रचनेची थैली दहा-पाच-दोन अशी वाटली जाते. टेलरला त्यातून काही नाही, ध्वनिमुद्रणाच्या थैलीतला वाटा तेवढा आहे.

५८ मिनिटं आणि दोन बाजू

मघाशी म्हटलं की एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. हा संग्रह ५८ मिनिटांचा आहे आणि तो एकाच तबकडीवर निघाला. एका बाजूला साधारण २९ मिनिटं. हे कसं जमवलं?

तबकडीवरची खाच म्हणजे कडेपासून मधोमध जाणारी एकच लांबलचक सर्पिल रेघ. आवाज म्हणजे त्या रेघेचं डावी-उजवीकडे वळवळणं. आवाज मोठा किंवा खर्जातला असला की वळवळ रुंद होते आणि शेजारच्या फेऱ्याला धक्का लागू नये म्हणून मध्ये जास्त जागा सोडावी लागते. जास्त मिनिटं बसवायची तर फेरे जवळ आणावे लागतात, म्हणजे वळवळ बारीक करावी लागते, म्हणजेच आवाजाची पातळी उतरवावी लागते. ऐकणारा मग ध्वनी वाढवतो आणि त्याबरोबर सुईची खरखरही वाढते. शिवाय मधल्या भागाकडे जाताना एका फेऱ्यात सुईखालून कमी लांबीची खाच सरकते, त्यामुळे तिथे बारीक, टोकदार आवाज नीट उमटत नाहीत. जाणकार म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. क्वीनने तिथे 'वी आर द चॅम्पियन्स' ठेवलं!

दोन तबकड्यांचा संच काढला असता तर आवाज भरदार आला असता, पण किंमत वाढली असती. एका तबकडीच्या पैशांत १७ हिट, हा सौदा ब्रिटिश गिऱ्हाइकाला पटला. पुढे सीडी आली आणि हा सगळा प्रश्नच मिटला. ५८ मिनिटं सीडीवर सहज बसतात.

क्रमाबद्दलही एक सांगायला हवं. गाणी काळानुसार लावलेली नाहीत. १९७५ नंतर एकदम १९८०, मग मागे १९७४, मग १९७८. पहिल्या तीन गाण्यांतच ऑपेरा, डिस्कोच्या वळणाचा बास आणि नाटकी, नखरेल पॉप ऐकून होतं. एकाच बँडचं आहे हे सांगावं लागावं इतका फरक. इतिहास म्हणून ऐकायचं तर ही मांडणी गोंधळाची आहे. पण क्वीन कधीच एका घराण्याला बांधलेला बँड नव्हता आणि उड्या मारणाऱ्या या क्रमात तो स्वभाव जितका उघडा पडतो तितका त्यांच्या कुठल्याच मूळ अल्बममध्ये पडत नाही. हा माझा लाडका मुद्दा आहे आणि मी तो सोडणार नाही.

समुद्रापलीकडे वेगळीच यादी

अमेरिकेत त्याच वर्षी निघालेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये १४ गाणी आहेत आणि सुरुवात 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ने होते. कारण सरळ आहे: तिथे ते १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' तिथे ८६ व्या क्रमांकावर अडकलं होतं, म्हणून गायब. आज जगभर क्वीनच्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत ते आहे. हिटची व्याख्या देशाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे कशी बदलते ते इथे दिसतं.

इंग्लंडचा गायक डेव्हिड बोवी याच्याबरोबरचं 'अंडर प्रेशर' अमेरिकी यादीत आहे, मूळ ब्रिटिश यादीत नाही. ते सिंगल आणि संग्रह दोन्ही ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८१ च्या शेवटी, जवळजवळ एकदमच बाजारात आले. नवं सिंगल आणि जुन्या सिंगल्सचा संग्रह, दोन्ही वेगवेगळे विकायचे होते. नोव्हेंबरमध्ये दोन्ही आपापल्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचले. ईगल्स या अमेरिकी बँडचंही असंच झालं होतं. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांचा संग्रह निघाला आणि अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये जाऊन बसला. त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे त्यांचं गाजलेलं गाणं शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण त्याच नावाचा अल्बमच त्या वर्षाच्या डिसेंबरमधला.

ध्वनिमुद्रणाची थैली कुणाच्या हातात आहे यावरही यादी ठरते. ब्रिटनमध्ये क्वीनची कंपनी ईएमआय, अमेरिकेत इलेक्ट्रा. पुढे अमेरिकेत बँडने कंपनी बदलली आणि १९९० मध्ये तिथले हक्क हॉलिवूड रेकॉर्ड्सकडे गेले. १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेले मित्र 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर माना झटकताना दिसले आणि ते १७ वर्षं जुनं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. नव्या कंपनीने घाईने 'क्लासिक क्वीन' नावाचा संग्रह काढला, त्यात ते गाणं घातलं. काही महिन्यांनी लाल मुखपृष्ठाचा 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला, तेव्हा तेच गाणं पुन्हा कशाला, म्हणून त्यात घेतलं नाही. परिणामी अमेरिकेत काही काळ 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नसलेला क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' विकला जात होता. जुन्या सीडीच्या ढिगात लाल मुखपृष्ठाची प्रत हाताला लागली तर मागची यादी वाचून मगच घ्या.

७० लाख म्हणजे नक्की किती?

जुलै २०२२ मध्ये हा संग्रह ब्रिटनमध्ये ७० लाखांचा टप्पा ओलांडणारा पहिला अल्बम ठरला. ब्रिटनमध्ये साधारण पावणेतीन कोटी घरं आहेत. म्हणजे दर चार घरांमागे एक प्रत. अल्बमच्या क्रमवारीत त्याने १००० हून जास्त आठवडे काढले आहेत.

आकडा प्रचंड आहे, तरी तो काय मोजतो हे कळलं पाहिजे. एकच माणूस १९८१ मध्ये एलपी घेतो, पुढे मोटारीसाठी कॅसेट, नव्वदीत सीडी. घर एक, प्रती तीन. शिवाय २०१५ पासून ब्रिटनमध्ये स्ट्रीमिंगही अल्बमच्या विक्रीत धरतात. त्याची रीत अशी: अल्बममधली सर्वांत जास्त ऐकलेली १६ गाणी घ्यायची (सुरुवातीला १२ घेत). त्यातली पहिली दोन बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी काढायची आणि त्या दोघांनाही तेवढेच आकडे द्यायचे. मग एकूण बेरजेला १००० ने भागायचं. वर्गणी न भरता, जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांसाठी पुढे १००० ऐवजी ६००० चा भागाकार आला.

त्या दोन गाण्यांना कात्री का? समजा, एका अल्बममधली १४ गाणी प्रत्येकी १०,००० वेळा ऐकली गेली आणि दोन गाणी प्रत्येकी १० लाख वेळा. कात्री नसेल तर बेरीज २१ लाख ४० हजार, म्हणजे २१४० अल्बम विकल्यासारखं. पण लोकांनी तो अल्बम ऐकलेलाच नाही, दोन गाणी ऐकली आहेत. कात्री लावली की बेरीज १ लाख ६० हजार, म्हणजे १६० अल्बम. आता हाच नियम संग्रहाला लावा. ज्यात एकजात सगळी गाणी लोकप्रिय, त्याची सरासरीही वरच राहते. कात्री लागली तरी फारसं दुखत नाही. ग्रेटेस्ट हिट्ससारखे संग्रह स्ट्रीमिंगच्या जमान्यातही क्रमवारीत टिकून आहेत, त्याचं एक कारण या गणितात आहे. आणखी एक बारकावा: अनेक गायकांची गाणी एकत्र केलेले संग्रह ब्रिटनमध्ये १९८९ पासून वेगळ्या यादीत मोजतात, पण एकाच बँडचा संग्रह मुख्य यादीतच राहतो. क्वीनला तिथे जागा आहे ती त्यामुळे.

गणितापलीकडचीही कारणं आहेत. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफिलीत क्वीनने वीसएक मिनिटं गाऊन सगळ्या दिवसावर छाप सोडली. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला, वयाच्या ४५ व्या वर्षी. त्यानंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा निघालं आणि पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २०१८ मध्ये फ्रेडीवर चित्रपट आला. दर वेळी नव्या पिढीला क्वीन कुठून ऐकायला सुरुवात करावी हा प्रश्न पडला आणि दर वेळी हाताला हीच तबकडी लागली.

वेम्बलीच्या त्या संध्याकाळचं चित्रीकरण बघा. एका क्षणी सत्तर हजारांच्या आसपास माणसं एकाच वेळी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवताना दिसतात. ते गाणं 'रेडिओ गा गा', १९८४ चं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. लिहिणारा रॉजर टेलर. या एका 'ए' बाजूने क्वीन हा असा बँड ठरला की ज्यातल्या चारही जणांच्या नावावर स्वतंत्र मोठं हिट आहे.

२८ ऑक्टोबर १९९१ ला, फ्रेडी जाण्याच्या चार आठवडे आधी, 'ग्रेटेस्ट हिट्स टू' बाजारात आला. त्यातही १७ गाणी आहेत. दुसरं 'अंडर प्रेशर', दहा वर्षं उशिरा आत आलेलं. तिसरं 'रेडिओ गा गा'. आणि पहिलं 'अ काइंड ऑफ मॅजिक', तेही टेलरचंच.